धटिंगण

घरात तिला वहिनी म्हणणारं माणूस एकच होतं, तिची नणंद. पण नणंदेचा आवाज खणखणीत आणि घराच्या खिडक्या रस्त्यावर उघडणाऱ्या. त्यामुळे खालचा किराणावाला, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड, टपाल टाकणारा, सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले. सासऱ्यांच्या तोंडूनही कधीकधी चुकून वहिनी निघायचं आणि मग ते खोकल्याचं निमित्त करून वेळ मारून न्यायचे.

वहिनी अक्षरं करायची. पोस्टरवर, पुस्तकाच्या कव्हरवर, औषधाच्या खोक्यावर आपण जी छापील अक्षरं वाचतो, ती आधी कुणीतरी एकेक करून काढलेली असतात, काना-मात्रा, जोडाक्षरांसकट. तेच तिचं काम. समोरच्या खोलीत खिडकीजवळ तिचं मोठं टेबल आणि भिंतीकडे तोंड करून नणंदेचं छोटं टेबल. वहिनीनं अक्षर काढून द्यायचं आणि नणंदेनं ते कॉम्प्युटरवर शेजाऱ्यांसोबत नांदेल असं करायचं. दोन अक्षरांत जागा किती सोडायची, वेलांटी कुणाच्या डोक्यावर कुठे टेकणार, ही सगळी किचकट व्यवस्था तिच्याकडे. नणंदेचं वय पस्तिशीला टेकलं होतं, पण घरात ती अजून चिंगीच होती.

त्या वर्षी त्यांच्याकडे एका नाट्यसंस्थेचं काम आलं. संस्थेच्या व्यवस्थापकबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "आम्हाला सुबक अक्षर नकोय," त्या म्हणाल्या. "सुबक अक्षरांनी डोळे किटलेत. रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे, आणि कुणीतरी हातानं केलंय हे कळलं पाहिजे."

वहिनीनं आधी ब्रश घेऊन पाहिला, मग जाड मार्कर. मन भरेना. शेवटी तिनं शिंप्याकडची असते तसली मोठी कात्री आणली आणि काळ्या जाड कागदातून अक्षरं सरळ कापायला सुरुवात केली. अवजड कात्रीला नाजूक वळणं जमत नाहीत, त्यामुळे गोलाईच्या जागी छोटे छोटे कोन आले. रेघ सगळीकडे सारखीच जाड, टोकं बोथट, शिरोरेषा जरा तिरकी. पहिला क कापून तिनं टेबलावर उभा केला तेव्हा नवरा दुकानात निघाला होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दारातच थांबून त्यानं त्या क कडे बघितलं आणि म्हणाला, "हा तर धटिंगण आहे." तेच नाव पडलं.

व्यवस्थापकबाईंना धटिंगण इतका आवडला की त्यांनी करारात अट घातली: नाटकांचा हंगाम उघडेपर्यंत तो कुणाच्या नजरेस पडता कामा नये, आणि पुढची काही वर्षं तो फक्त त्यांचाच राहील. वहिनीनं आनंदानं सही केली. अक्षर कुणाच्या हातात जाणार होतं? घरातलीच माणसं, आणि नमुने काढणारा छापखानेवाला. नवऱ्यानं दुकानाच्या सेलसाठी हे अक्षर मागितलं होतं. हंगाम उघडल्यावर बाईंना विचारू, म्हणून तिनं त्यालाही फाइल देऊन ठेवली होती.

एक दिवस बसस्टॉपकडे जाताना तिनं मागच्या गल्लीतून वाट काढली. तिथे एक कुलूपवाला बसायचा, भिंतीला टेकवलेल्या लाकडी कपाटाएवढ्या दुकानात. त्या कपाटावर नवा बोर्ड होता. पिवळ्या पत्र्यावर काळ्या रंगात, "कुलूप किल्ली".

वहिनी पुढे गेली, थांबली, आणि परत आली. दोन्ही क तिचेच होते. क चं पोट जिथे दांड्याला मिळतं तिथे कात्री अडखळल्यामुळे आलेला कोन, तो तिथेच होता. ल चं टोक तसंच, बोथट. फक्त क च्या पोटातला डोळा वेगळा होता, वेडावाकडा, दोन्ही क मध्ये निरनिराळा. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून चोरानं तेवढंच बदललं असणार, असं तिच्या मनानं लगेच ठरवलं.

"बोर्ड छान झालाय," ती कुलूपवाल्याला म्हणाली. "कुणी केला?"

कुलूपवाल्यानं कानशीवरून नजर उचलली नाही. "आहेत एक ओळखीचे."

"कोण?"

"आता काय सांगू बाई. त्यांनी नाव सांगू नका म्हणून बजावलंय." आणि तो पुन्हा किल्ली घासायला लागला, जरा जास्तच जोरात.

नाव सांगू नका म्हणून बजावलंय. हे वाक्य वहिनी घरी घेऊन आली आणि कुणालाच बोलली नाही. बोलली असती तर सगळ्यांनी मिळून डोकं चालवलं असतं. पण सगळ्यांत तो असणारच होता, ज्यानं हे केलं. सावध झाला असता. म्हणून गप्प बसायचं आणि बघायचं, असं तिनं ठरवलं.

बघायला लागलं की दिसायला लागतं. छापखानेवाला आधी दिसला. बोलघेवडा माणूस, कुणाचंही काम कुणालाही दाखवायचा. ती नमुने बघायच्या निमित्तानं त्याच्याकडे गेली, तर तिचेच खराब झालेले कागद कोपऱ्यात ढिगानं पडलेले. "हे फाडून का टाकत नाही तुम्ही?" तिनं विचारलं. "फाडतो ना, फाडतो," तो हसत म्हणाला, "तुम्ही म्हणजे अगदी नोटा छापायला दिल्यासारखं करता." तिला ते हसणं आवडलं नाही.

मग नवरा दिसला. त्याच्या दुकानाची गिऱ्हाइकं म्हणजे सगळी आजूबाजूची. भिडस्त स्वभाव, कुणी काही मागितलं की याच्या तोंडून नाही निघायचं नाही. कुलूपवाल्यानंही याच्याकडूनच चष्मा केलेला. रात्रीच्या जेवणाला तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती फाइल तू कुणाला दिली नाहीस ना?"

"कुठली?"

"धटिंगणची."

"नाही बुवा. मला तर ती उघडताही आली नाही, चिंगीनं उघडून दिली."

चिंगी भाताचा घास घेता घेता मान हलवत म्हणाली, "दादाला पासवर्डसुद्धा आठवत नाही, वहिनी." बाबा, म्हणजे सासरे, ताटातली मिरची बाजूला काढत होते. ते बंदरावरच्या गोदामातून निवृत्त झाले होते. छाती अधू झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांच्यावर सतरा बंधनं घातली होती. धूळ नको, उग्र वास नको, स्टुलावर चढायचं नाही. चिंगी ती बंधनं डॉक्टरांपेक्षा कडक पाळून घ्यायची. कचरा खाली नेणं आणि दुपारी बागेत जाऊन बसणं, एवढंच काय ते त्यांच्याकडे उरलं होतं, आणि तेही त्यांनी भांडून मिळवलेलं.

वहिनीचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. ती चिंगीकडे बघत होती.

कारण सगळ्यात जास्त दिसायला लागली ती चिंगी. हल्ली तिचे फोन वाढले होते. फोन आला की ती बाल्कनीत जायची आणि दार ओढून घ्यायची. वहिनी चहा घेऊन तिच्या टेबलाशी गेली की पडद्यावरचं काहीतरी पटकन खाली जायचं. संध्याकाळी फिरायला म्हणून जायची ती उशिरा परतायची आणि कुठे गेलीस विचारलं तर "अशीच" म्हणायची. करारावर नाव फक्त वहिनीचं होतं, हेही वहिनीला आत्ताच आठवायला लागलं. सही केली त्या दिवशी चिंगी म्हणाली होती, "माझं कशाला, मी काय आकडे बसवणारी." तेव्हा वहिनीला तो मनाचा मोठेपणा वाटला होता. आता त्या वाक्याला वास यायला लागला.

आणि मग एका सकाळी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेलेली वहिनी दारातच थबकली. चिंगी कठड्याला टेकून पाठमोरी बोलत होती.

"नाही, वहिनीला अजून सांगितलं नाहीये. हंगाम उघडू दे, मग सांगीन. आत्ता कळलं तर उगाच घोळ होईल."

वहिनी तांब्यातलं पाणी तसंच घेऊन स्वयंपाकघरात परतली.

त्याच आठवड्यात चांभाराच्या टपरीवर बोर्ड लागला, "बूट दुरुस्ती". पुन्हा तेच अक्षर, त्याच तिरक्या शिरोरेषा. चांभारानंही नाव सांगितलं नाही. "मोठ्या माणसाचा शब्द आहे," एवढंच म्हणाला, आणि चपलेला टाका घालत राहिला.

आता वहिनीनं सापळा लावायचं ठरवलं. सगळ्या अक्षरांत एक ळ तेवढा राहिला होता. तिनं बरेच ळ कापले होते आणि एकेक करून कचऱ्यात टाकले होते. कुणी चष्मा लावल्यासारखा दिसे, कुणी दोन बटाटे जोडल्यासारखा. ळ अजून कुणाकडेच गेलेला नव्हता, आणि पोस्टरवर "खेळ सुरू होतोय" असं छापायचं असल्यामुळे तो लागणार होता. एका सकाळी तिनं एक बरा ळ पक्का केला आणि पडद्यावर त्याच्या तीन तऱ्हा केल्या. एकात उजवा डोळा थोडा खाली झुकलेला, तो चिंगीला. एकात दोन्ही डोळे एका रेषेत, तो छापखान्याला. एकात शेपूट आखूड, तो नवऱ्याला. फरक इतके बारीक की शोधायला बसल्याशिवाय सापडू नयेत. तिघांनाही तिनं एकच सांगितलं: "हा शेवटचा. जुनी फाइल काढून टाका." पुढच्या बोर्डावर जो ळ येईल, त्याचा धनी चोर.

हे दिवस विचित्र गेले. कामं चालू होती, जेवणं होत होती, हसणंबोलणंही होत होतं. पण चिंगी काही बोलली की वहिनी ते वाक्य उलटंसुलटं करून बघायची. चिंगी अंघोळीला गेली की तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची. एकदा तिनं चिंगीच्या पिशवीत हात घातला. आत एक मोजपट्टी मिळाली, गुंडाळून ठेवायची, शिंप्यांकडे असते तसली. अक्षरांशी तिचा काय संबंध असेल हे वहिनीला लावता येईना, तरी ते तिनं मनात टिपून ठेवलं.

सापळ्यात चोर सापडायच्या आधी सापळाच सापडला. तोही चिंगीलाच.

चिंगी छापखान्यातून आली ती गुंडाळलेला पोस्टर टेबलावर पसरतच. "वहिनी, बरं झालं मी गेले. त्याच्याकडे चुकीची फाइल गेलीये. हा ळ बघ."

"काय झालं त्याला?"

"माझ्याकडचा असा नाहीये. माझ्यात उजवा डोळा खाली आहे, हा सरळ आहे. असाच हजार प्रती छापून बसला असता म्हणजे?"

"असू दे. मी सांगते त्याला."

"असू दे काय? आणि दादाच्या दुकानात परवा कागद बघितला, त्यात शेपूट आखूड. मला वाटलं तू अजून बदलतेयस, म्हणून मी..." चिंगी बोलता बोलता थांबली. पोस्टरवरचं तिचं बोट तसंच राहिलं. "तिघांना तीन वेगळे दिलेस तू."

वहिनीनं पोस्टरचं वळलेलं टोक हातानं सपाट केलं.

"मुद्दाम?"

मग वहिनीनं सांगितलं. कुलूपवाला, चांभार, नाव न सांगणं, सगळं. सांगताना तिला वाटत होतं, ऐकल्यावर चिंगी म्हणेल, बापरे, मग आधी का नाही बोललीस. चिंगी तसं म्हणाली नाही.

"दादा, छापखानेवाला आणि मी," ती म्हणाली. "यातलं तुला जास्त कोण वाटत होतं?"

खालून रिक्षा गेली. वहिनीला काहीतरी पटकन बोलायला हवं होतं, ते सुचलं नाही, आणि न सुचण्यातच चिंगीला उत्तर मिळालं.

"बाल्कनीत कुणाशी बोलत होतीस तू?" वहिनीनंच मग विचारलं. आता विचारून झालंच होतं, तर सगळंच. "वहिनीला सांगितलं नाही म्हणून."

"ते पण ऐकलंस?" चिंगीनं पोस्टर हळूहळू गुंडाळायला घेतला. "खोली बघत होते मी. भाड्यानं. आता स्वतःचं घर असावं असं वाटायला लागलंय मला, एवढंच. तुझं काम ऐन भरात आहे, आत्ता डोक्याला ताप नको म्हणून थांबले होते." पोस्टरला रबर लावून तिनं तो कोपऱ्यात उभा केला. "आता थांबायचं काही कारण नाही."

दोन दिवसांनी ती गेली. दोन पिशव्या आणि कॉम्प्युटर. बाबांना एवढंच सांगितलं, की जवळच जागा मिळालीय. बाबा तिला सोडायला खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

नवऱ्याला वहिनीनं त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग हसू ओसरलं. "म्हणजे मलाही?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. त्यानं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागला. बाकी सगळ्यांना तो बजावून सांगायचा, की कपड्यानं काच पुसू नका, ओरखडे येतात.

पण चोर अजून बाहेरच होता. चिंगी गेल्यावर तर वहिनीला तो सापडायलाच हवा होता, कारण तो चिंगीच निघाली तर निदान आपण बरोबर होतो असं तरी म्हणता आलं असतं. हा विचार आपल्या मनात येतोय हे तिला कळत होतं. तरी तो येत होता.

चौकातल्या लाँड्रीवर नवा बोर्ड लागतोय हे तिला लांबूनच दिसलं. पांढऱ्या फळीवर निळी अक्षरं, ऐसपैस. "सकाळी द्या, संध्याकाळी न्या".

सकाळी. संध्याकाळी. दोन ळ.

वहिनी रस्ता ओलांडून अगदी खाली जाऊन उभी राहिली. उजवा डोळा झुकलेला नव्हता. डोळे एका रेषेतही नव्हते. शेपूट आखूड नव्हतं. हा त्या तिघांतला कुठलाच ळ नव्हता. डावं अंग फुगलेलं, उजवं आक्रसलेलं, जोडलेल्या दोन बटाट्यांसारखा तो ळ तिनं स्वतः कापला होता आणि बघताक्षणी कचऱ्यात टाकला होता. तो कॉम्प्युटरवर कधी चढलाच नव्हता. चिंगीनं तो बघितला नव्हता, नवऱ्यानं नाही, छापखान्यानं नाही.

तिनं बोर्डाला हात लावायला टाचा उंचावल्या तशी लाँड्रीवाली आतून म्हणाली, "ओला आहे हो. तुम्हालाही करून हवाय का? कारागीर मागेच बसलेत, दराचा बोर्ड चाललाय. पण म्हातारा लहरी आहे. मनात आलं तर करतो."

लाँड्रीच्या मागे छोटं अंगण होतं, दोऱ्यांवर चादरी वाळत घातलेल्या. त्या चादरींच्या पलीकडे, उलट्या बादलीवर, नाकाला रुमाल बांधून बाबा बसले होते. मांडीवर फळी. फळीवर काळा कागद, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पक्का धरलेला, आणि कागदाच्या मधोमध ळ च्या आकाराचं भोक. हातात रंगात बुडवलेला स्पंज.

वहिनीला बघून त्यांनी आधी स्पंज पाठीमागे लपवला. मग रुमाल खाली ओढला.

"चिंगीला सांगू नकोस," ते म्हणाले. "रंगाला हात लावला म्हणून जीव घेईल माझा."

"बाबा, हा कागद कुठून आणलात?"

"कचऱ्यातून. मीच तर नेतो कचरा." त्यांना वाटलं ती कागदाबद्दलच विचारतेय. "तू अक्षर ठेवून घेतेस आणि भोक टाकून देतेस. मला भोकच हवं होतं. गोदामात पेट्यांवर नावं उठवायला आमच्याकडे पत्र्याचे साचे असायचे. हे बघितलं आणि हात शिवशिवायला लागले. फक्त आतले डोळे साच्यात राहत नाहीत, गळून पडतात. ते मग मी ब्रशनं ठेवतो. वाकडे होतात थोडे."

क च्या पोटातला वेडावाकडा डोळा. वहिनी तिथेच, चादरींमधल्या ओल्या जागेत, पायरीवर बसली.

"आणि नाव सांगू नका म्हणून?"

"मग? तुम्हा लोकांना कळलं असतं तर बाग पण बंद केली असती तुम्ही." त्यांचा आवाज जरा चढला. "दिवसभर बसून बसून माणूस कुजतो. इथे लोक चहा पाजतात, गप्पा मारतात. कुलूपवाला तर मला उस्ताद म्हणतो."

वहिनीनं मग त्यांना सगळं सांगितलं. करार, अट, तीन ळ, आणि चिंगी खरं म्हणजे का गेली ते. बाबा ऐकत राहिले. स्पंजमधून निळा रंग त्यांच्या विजारीवर टपकत होता, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

"म्हणजे माझ्यापायी गेली पोर," शेवटी ते म्हणाले.

"नाही बाबा. जायचीच होती ती. पण अशी गेली ती माझ्यापायी."

"तू बोलायचंस ना."

"कुणाला बोलायचं? मला कुणाचीच खात्री..."

"कुणालाही. जेवताना. मी तिथेच असतो की समोर." त्यांनी कागदाचे चिमटे एकेक करून काढले. "मिरची बाजूला काढत."

व्यवस्थापकबाईंना कळवणं भाग होतं. त्या स्वतः आल्या. तिन्ही बोर्ड त्यांनी हात पाठीमागे बांधून बघितले, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: "आणखी कुठे आहेत?" वहिनी सांगत होती, एवढेच. बाईंना ते पटत नव्हतं हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. वहिनी त्यांच्या जागी असती तर तिलाही पटलं नसतं. शेवटी ठरलं, की हंगाम उघडायच्या आत बोर्ड पुसायचे. लाँड्रीवालीनं कुरकुरत मान्य केलं, चांभारानं काही न बोलता. कुलूपवाला अडून बसला. बोर्ड त्याचा, पत्रा त्याचा, आणि उस्तादांनी मनापासून केलेलं काम तो कुणाच्या बापासाठी पुसणार नव्हता. मग बाबा एक अख्खी दुपार त्याच्यापाशी बसले आणि साचा न वापरता, नुसत्या ब्रशनं, त्याला दुसरा बोर्ड करून दिला. तो फार वाईट झाला. कुलूपवाल्यानं तो लावला.

हंगाम उघडला. धटिंगण शहरभर भिंतींवर लागला आणि लोकांना आवडला. नाट्यसंस्थेनं पुढचं काम मात्र दुसऱ्या कुणालातरी दिलं. कारण विचारायला वहिनी गेली नाही.

चिंगीनं धटिंगणचं काम शेवटपर्यंत केलं होतं, आपल्या नव्या खोलीतून. फाइली वेळेवर यायच्या. सोबत दोन ओळी असायच्या, त्यात वहिनी हा शब्द नसायचा. बाबांकडून तिला सगळं कळलं होतं, रंगाचंसुद्धा, आणि ती त्यांना भरपूर ओरडली होती. वहिनीला मात्र तिचा फोन आला नाही.

एका रविवारी वहिनीच गेली. चौथा मजला, लिफ्ट बंद. चिंगीनं दार उघडलं, क्षणभर बघितलं, आणि बाजूला झाली. खोली लहान होती, उजेडाची. एक गादी, टेबल, आणि एक मोठी उघडी खिडकी, जिच्यातून ऊन थेट टेबलावर पडत होतं.

"मी चुकले," वहिनी उभ्याउभ्याच म्हणाली. येताना तिनं बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एवढंच उरलं.

चिंगीनं चहाचं आधण ठेवलं. बोलली ती पाठमोरी. "शंका आली ते समजू शकते मी, वहिनी. खरंच. कुणालाही आली असती. पण तू ते सगळे दिवस मला जेवायला वाढत होतीस. वाढताना माझ्याकडे बघत राहायचीस. मला वाटायचं, मी बारीक झालेय म्हणून बघतेयस. म्हणून मी मुद्दाम भात जास्त घ्यायचे."

इथे आपण रडणं म्हणजे चिंगीला आपली समजूत काढायला लावणं, एवढं वहिनीला कळत होतं.

"मी परत राहायला येणार नाही," चिंगी म्हणाली. "रागानं नाही. मला इथे आवडतंय."

"नको येऊस. मी त्यासाठी आले नाहीये."

"आणि एकत्र काम करायचं की नाही, ते मला अजून माहीत नाही."

"बरं."

चहा झाला. दोघी गादीवर बसून चहा प्यायल्या. साखर कमी होती, कुणी तसं बोललं नाही. ऊन सरकत सरकत टेबलावरून कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलं आणि पडद्यावर काही म्हणजे काही दिसेनासं झालं.

"दुपारभर असंच असतं?" वहिनीनं विचारलं.

"हो. डोळे जातात. पडदा लावायचाय, पण खिडकी इतकी वेडीवाकडी आहे की एकटीनं मापच घेता येत नाही. एक टोक धरलं की दुसरं सुटतं."

वहिनीनं कप खाली ठेवला. चिंगीनं पिशवीतून मोजपट्टी काढून तिच्या हातात दिली, आणि दुसरं टोक धरून स्वतः खुर्चीवर चढली.

"धरलंस?" चिंगीनं वरून विचारलं.

"धरलं. सांग."